केझिक पाहून आलेल्यांस

विलायतेंतील सरोवरप्रदेशाची यात्रा करून आलेल्या मराठी माणसांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे, आणि तिच्याबरोबर त्या यात्रेचीं वर्णनेंही वाढलीं आहेत. कांहीं दिवाळी अंकांत येतात, कांहीं वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत, आणि जीं कोठेंच छापलीं जात नाहींत तीं आपणांस चहा घेतांघेतां ऐकावीं लागतात. अशीं वर्णनें आम्हीं पुष्कळ वाचलीं आणि पुष्कळ ऐकलीं. त्यांचा सांचा ठरलेला आहे. सकाळीं बस निघते, दुपारीं केझिक नांवाच्या गांवीं दोन तास थांबते; तेथें तळ्यावर नावेंत बसावयाचें, बदकांना पाव घालावयाचा, वर्डस्वर्थचें नांव एकदां घ्यावयाचें, छायाचित्रें काढावयाचीं, आणि परत बसमध्यें चढतांना सुस्कारा टाकून म्हणावयाचें कीं, "डोंगर काय आपल्याकडे कमी आहेत? पण आपल्या लोकांना दृष्टीच नाहीं!" वर्णन लेखी असलें तर हा उद्गार बहुधा त्याचें शेवटचें वाक्य असतें.

हा उद्गार खोटा आहे असें आमचें म्हणणें आहे. खोटा तर तो आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो सोयीचा आहे. सौंदर्यदृष्टि हा कांहीं राष्ट्रांना देवानें दिलेला आणि कांहींना नाकारलेला गुण ठरला कीं मग कोणालाच कांहीं करावें लागत नाहीं. सुस्कारा टाकला कीं कर्तव्य संपलें. ज्यांनीं केझिक डोळे उघडे ठेवून पाहिलें त्यांना हा उद्गार सुचावा कसा, हेंच आम्हांस कळत नाहीं. त्या गांवाच्या भोंवतालीं जें आपणांस निसर्गाचें दान वाटतें त्यांतला फार मोठा भाग कोर्टांत, सभेंत, वर्गणीच्या वहीवर आणि प्रसंगीं कुऱ्हाडीनें कुंपण तोडून राखलेला आहे. जें राखतां आलें नाहीं तेंही तेथेंच, चार-पांच मैलांवर, पाण्याखालीं आहे. बसमधून तेंही सुंदरच दिसतें.

प्रथम हें गांव कसलें तें पाहूं. लिहितांना त्याचें नांव केस्विक असें दिसतें, पण तेथील माणसें केझिक म्हणतात. नांवाचा मूळ अर्थ चीज करण्याचें ठिकाण. म्हणजे नांवांत दूधदुभतें आहे. सौंदर्याचा उल्लेख नाहीं. १२७६ सालीं पहिल्या एडवर्ड राजानें येथें बाजार भरविण्याची सनद दिली. इंग्लंडांत ज्याला बाजाराचें शहर म्हणतात त्याची जात अशा सनदेनें ठरत असे. अमुक वारीं अमुक ठिकाणीं बाजार भरेल, आणि त्याचें उत्पन्न व न्यायनिवाडा अमुकाकडे राहील, असा तो राजाचा लेख. आपल्याकडे पेठ वसवितांना शेटे-महाजनांना जशा सनदा देत तसाच हा प्रकार होय. आज साडेसातशें वर्षें होत आलीं, तरी गुरुवारीं आणि शनिवारीं केझिकच्या मुख्य रस्त्यावर तंबू ठोकून बाजार भरतो. वस्ती पांच हजारांच्या आसपास. आमच्या प्रवाशांची बस या बाजाराच्या कडेनें जाते, आणि आंतला मार्गदर्शक सांगतो कीं तळें पुढें आहे.

रस्त्याच्या मधोमध मनोऱ्याची एक इमारत आहे, तिला मूट हॉल म्हणतात. मूट म्हणजे सभा. आजची इमारत १८१३ सालची, पण त्याच जागीं तिच्या आधींही अशीच एक होती. खालीं लोणी-अंड्यांचा बाजार, वर कचेरी. मनोऱ्यावरील घड्याळाला एकच कांटा आहे. प्रवासी त्याचें छायाचित्र घेऊन हंसतात. ज्या गांवांत लोणी विकावयास आलेल्या बाईला तास कळला कीं पुरे होतें, त्या गांवाला दुसऱ्या कांट्याची गरज काय, हा प्रश्न त्यांना पडत नाहीं. खालीं बाजार आणि वर न्याय, हा शेजार मात्र आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें जें सांगावयाचें आहे त्याचा उगम या शेजारांत आहे.

तळ्याभोंवतालचे डोंगर 'अस्पर्शित' आहेत, हा दुसरा गैरसमज. १५६४ च्या सुमारास एलिझाबेथ राणीच्या परवानगीनें येथें जर्मन खाणकरी आणले गेले. ऑग्सबुर्गचा डॅनियल हेखष्टेटर हा त्यांचा पुढारी. न्यूलँड्सच्या खोऱ्यांत त्यांनीं तांबें खणलें, गांवाच्या कडेला भट्ट्या पेटविल्या, आणि गांवांतल्या मुलींशीं लग्नें लाविलीं. जमीन नॉर्थंबरलंडच्या अर्लची. त्यानें तांब्यावर हक्क सांगितला. १५६८ सालीं न्यायाधीशांनीं बहुमतानें निकाल दिला कीं, ज्या धातूंत सोन्याचांदीचा अंश असेल त्याची खाण राजसत्तेची. भट्ट्यांसाठीं कोळसा लागे आणि कोळशासाठीं झाडें लागत. आज ज्या उघड्या उतारांकडे पाहून आमचे लोक "काय हें नैसर्गिक सौंदर्य" म्हणतात, ते उतार कुऱ्हाडीनें आणि मेंढीच्या दांतांनीं घडविलेले आहेत.

त्याच शतकांत बॉरोडेलच्या खोऱ्यांत, सीथवेटच्या वर, काळें मऊ द्रव्य सांपडलें. धनगर त्यानें मेंढ्यांवर खुणा करीत. पुढें कळलें कीं तोफेचे गोळे ओतण्याच्या सांच्याला आंतून त्याचा लेप दिला तर गोळा गुळगुळीत निघतो. मग त्याचा भाव इतका वाढला कीं खाणीवर सशस्त्र पहारा बसला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास पार्लमेंटानें त्याच्या चोरीसाठीं स्वतंत्र कायदा केला. तेंच ग्रॅफाइट लांकडांत बसवून केझिकनें जगाला पेन्सिली पुरविल्या. पहिला कारखाना १८३२ सालचा. इंग्रजांना आरंभीं तें शिसें वाटलें, आणि त्यांची ती चूक आपणही 'शिसपेन्सिल' या शब्दांत अजून जपून ठेविली आहे! कारखाना या शतकाच्या पहिल्या दशकांत समुद्राकडील वर्किंग्टन गांवाजवळ हलला. केझिकला पेन्सिलींचें संग्रहालय तेवढें उरलें. ज्या पेन्सिलीनें आपल्यांतल्या कित्येकांनीं शाळेंत चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तिचें हें माहेर, पण बसच्या दोन तासांत त्याला जागा नसते.

आतां दृष्टीविषयीं. टॉमस ग्रे हा कवि १७६९ सालीं केझिकला आला. त्याकाळीं रसिक प्रवाशांजवळ एक लहानसा, किंचित् फुगीर, काळसर आरसा असे. देखावा दिसला कीं देखाव्याकडे पाठ करावयाची आणि तो आरशांत पाहावयाचा, म्हणजे तो चित्रासारखा आटोपशीर दिसतो. ग्रे हा आरसा उघडून धरून चालतां चालतां एका चिखलाच्या गल्लींत उताणा पडला, हातांच्या पेरांना खरचटलें, आणि तरीही त्याचा उत्साह कमी झाला नाहीं. हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. नऊ वर्षांनीं टॉमस वेस्टनें मार्गदर्शिका छापली. तींत कोठें उभें राहून काय पाहावें तीं स्थानें नेमून दिलीं. आज तळ्याकांठीं फ्रायर्स क्रॅग नांवाच्या खडकावर तळ्याकडे पाठ करून, हात लांब करून, फोनच्या कांचेंत स्वतःसह तळें पाहणारी रांग लागलेली असते. अडीचशें वर्षांत आरसा तेवढा बदलला. ही 'दृष्टि' जर आपल्याजवळ नसेल तर तिच्यावांचून आपलें फारसें अडत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर ती आपल्याजवळ भरपूर आली आहे.

कवींचें म्हणाल तर वर्डस्वर्थ केझिकचा नव्हेच. तो जन्मला कॉकरमथला आणि राहिला ग्रासमिअर व रायडल येथें. केझिकचे कवि दोन. १८०० सालीं ग्रेटा हॉल या घरीं कोलरिज आला, आणि तीन वर्षांनीं त्याचा साडू सदे तेथें येऊन राहिला. कोलरिज लवकरच निघून गेला. सदेनें स्वतःचीं मुलें, कोलरिजचीं मुलें आणि विधवा मेहुणी इतका संसार १८४३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, लेखणीवर चालविला. कविता आज कोणी वाचत नाहींत. पण इतक्या माणसांना चाळीस वर्षें लिहून पोसणाऱ्याला निदान मराठी लेखकानें तरी नमस्कार करावा.

वर्डस्वर्थचा प्रश्न वेगळ्या कारणानें घेतला पाहिजे. त्यानें सरोवरप्रदेशाची मार्गदर्शिका लिहिली, आणि हा प्रदेश सर्व राष्ट्राची एक प्रकारें मालमत्ता आहे, असा विचार तींत मांडला. फार मोठा विचार. परंतु १८४४ सालीं विंडरमीअरपर्यंत रेल्वे येणार असें ठरतांच याच कवीनें वर्तमानपत्रांतून तिला विरोध केला. कारखान्यांतल्या मजुरांना घाऊक रीतीनें येथें आणून त्यांचा कांहीं लाभ होणार नाहीं, अशा सौंदर्याची गोडी लागण्यास मनाची हळूहळू मशागत व्हावी लागते, असें त्याचें म्हणणें. मालमत्ता राष्ट्राची, पण राष्ट्रांतले कोण, याचें उत्तर त्यानें असें देऊन टाकलें. आपल्याकडे सिंहगडावर रविवारीं गर्दी होते म्हणून हळहळणारे जे सुसंस्कृत लोक आहेत, ते सगळे या पत्रांचे वारस होत. गर्दीनें घाण होते, गोंगाट होतो, हें आम्हीं नाकारीत नाहीं. पण पुढें घडलें तें वर्डस्वर्थच्या भाकिताच्या अगदीं उलट. १८६५ च्या जानेवारींत केझिकपर्यंत उतारूंची गाडी आली. त्या गाडीनें जे कारकून, शिक्षक, गिरणीकामगार आले त्यांना तळें आवडलें, आणि वेळ आली तेव्हां त्यांनीं पैसे पाठविले. तें कसें, तें आतां सांगतों.

थर्लमिअर हें केझिकच्या दक्षिणेचें एक चिंचोळें तळें. मध्यें इतकें अरुंद कीं त्यावर पूल होता. मँचेस्टर शहराला पाणी हवें होतें. शहराच्या कॉर्पोरेशननें तें तळें बांध घालून उंच करण्याचें ठरविलें. १८७७ पासून विरोध सुरू झाला, संरक्षक मंडळ निघालें, पार्लमेंटापुढें साक्षी झाल्या, आणि १८७९ सालीं कायदा कॉर्पोरेशनच्या बाजूनें झाला. १८९४ सालीं पाणी उताराच्या जोरावर ९६ मैल वाहत मँचेस्टरला पोहोंचलें. कांठच्या वाड्या बुडाल्या. मँचेस्टरच्या गिरणगांवांतील माणसें तहानेलीं होतीं हेंही खरें, आणि त्यांची तहान खोटी ठरविणारा सौंदर्यवादी आम्हांस मान्य नाहीं. आमचा मुद्दा इतकाच कीं, तळें बुडविणारे इंग्रज होते, तें वांचवूं पाहणारे इंग्रज होते, आणि वांचवूं पाहणारे हरले. 'राष्ट्रीय दृष्टि' या दोहोंपैकीं कोणाची समजावयाची?

हरलेल्यांनीं एक गोष्ट शिकून घेतली: उशीरा जमून चालत नाहीं. १८८३ सालीं बटरमिअरच्या दगडाच्या खाणींपासून ब्रेथवेटपर्यंत मालगाडीचा रूळ टाकण्याचें बिल आलें. तो रूळ डरवेंटवॉटरच्या कांठावरून जाणार होता. त्याच वर्षीं केझिकजवळच्या क्रॉस्थवेटच्या चर्चचे नवे धर्मोपदेशक म्हणून कॅनन हार्डविक रॉन्स्ली आले होते. त्यांनीं पत्रांचा असा भडिमार केला कीं बिल मागें घेतलें गेलें. या यशांतून त्याच वर्षीं सरोवरप्रदेशाची संरक्षक संस्था उभी राहिली.

पण आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें प्रकरण याहून लहान आहे, आणि आमच्या कोणत्याही प्रवासवर्णनांत आम्हीं तें वाचलेलें नाहीं. गांवाच्या पाठीशीं लॅट्रिग नांवाची बाराशें फुटांची टेकडी आहे. तिच्यामागें ३,०५४ फुटांचा स्किडॉ. (समुद्रसपाटीपासून मोजलें तर आपला सिंहगड स्किडॉहून बराच उंच आहे. असो.) लॅट्रिगवर लोक पिढ्यान् पिढ्या जात. १८८७ सालीं जमिनीच्या मालकांनीं वाटा अडविल्या. तळ्यापलीकडील फॉ पार्क येथील वाटही बंद झाली. केझिकमध्यें पायवाटा राखण्याची एक सभा होती. रॉन्स्ली तिचे अध्यक्ष, आणि मार्गदर्शिका लिहिणारे हेन्री जेंकिन्सन तिचे चालक. सभेनें आधीं पत्रें लिहिलीं. उत्तर आलें नाहीं तेव्हां जाहीर करून लोक गेले आणि अडसर काढून टाकले. १ ऑक्टोबर १८८७ रोजीं सुमारें दोन हजार माणसें लॅट्रिगच्या माथ्यावर चढलीं. गांवाची आजची सगळी वस्ती पांच हजार, हें येथें पुन्हा आठवावें. मालकांनीं दावा लाविला. पुढल्या वर्षीं कार्लाइलच्या न्यायालयांत तडजोड झाली. माथ्यावर जाण्याचा लोकांचा हक्क कबूल झाला, सभेच्या सगळ्या मागण्या मात्र मान्य झाल्या नाहींत. स्पूनी ग्रीन लेन नांवाच्या गल्लीनें आजही कोणीही वर जाऊं शकतो. आम्ही गेलों. वाटेंत मेंढ्या भेटल्या; पैसे कोणीं मागितले नाहींत, परवाना कोणीं विचारला नाहीं.

यांत स्वार्थ नव्हता काय? होता. वाटा बंद झाल्या तर प्रवासी यावयाचे नाहींत, हें पेठेला चांगलें कळत होतें. खानावळवाला, दुकानदार, घोडागाडीवाला यांची भाकरी त्या वाटांवर होती. आम्ही म्हणतों, म्हणूनच तें टिकलें. निव्वळ रसिकांच्या बळावर थर्लमिअर वांचलें नाहीं. बाजार पाठीशीं उभा राहिला तेव्हां लॅट्रिग वांचलें. मूट हॉलच्या खालचा मजला आणि वरचा मजला यांचा शेजार लक्षांत ठेवावा असें आम्हीं म्हटलें होतें तें यासाठीं.

याच रॉन्स्लींनीं ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह १८९५ सालीं नॅशनल ट्रस्ट स्थापिला. १९०२ सालीं डरवेंटवॉटरच्या पश्चिम कांठची ब्रँडलहाऊ ही १०८ एकरांची जागा विक्रीस निघाली. तेथें बंगले उठले असते. ट्रस्टनें सार्वजनिक वर्गणी केली, सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम जमविली, आणि जागा घेऊन लोकांना मोकळी केली. उत्तरेकडील गिरणगांवांतून शिलिंगांनीं पैसे आले. ज्यांच्या मनाची मशागत झालेली नाहीं असें कवीनें म्हटलें होतें, ते हेच लोक. रॉन्स्ली वारल्यावर १९२२ सालीं त्यांच्या स्मरणार्थ फ्रायर्स क्रॅग ट्रस्टकडे आला. म्हणजे ज्या खडकावर आमची फोनधारी रांग उभी राहते तोही कोणीतरी विकत घेऊन आम्हांला दिलेला आहे.

यावर केझिक पाहून आलेले आमचे बंधुभगिनी म्हणतील, "हेंच तर आम्ही म्हणत होतों! त्यांच्यांत ही वृत्ति आहे, आपल्यांत नाहीं." वृत्ति असती तर भांडण कशाला झालें असतें? अडसर घालणारेही त्याच मातीचे होते. आणि जें जिंकलें तें कायमचें जिंकलें असेंही नाहीं. १९५१ सालीं हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेला. पण ज्या रेल्वेनें वर्गणीदार आणले ती १९७२ सालीं बंद पडली, आणि आतां सारे मोटारींनीं येतात. रुळांच्या जागीं थ्रेलकेल्डपर्यंत पायवाट केली होती. २०१५ च्या डिसेंबरांतील महापुरानें तिचे पूल नेले, आणि ती पुन्हा सुरू होण्यास २०२० चा डिसेंबर उजाडला. गांवांतलीं पुष्कळ घरें सुटीपुरतीं उघडतात. त्यांच्या किंमती इतक्या चढल्या आहेत कीं दुकानांत काम करणाऱ्या तरुणाला गांवांत घर परवडत नाहीं. बाजाराच्या रस्त्यावर रेनकोट आणि बूट यांचीं दुकानें किती, हें मोजतां मोजतां आम्ही थकलों. नंदनवन म्हणून ज्याचें वर्णन ऐकत आलों तें गांव आपल्याच लोकांना हळूहळू बाहेर काढीत आहे, आणि त्याविषयीं तेथें पुन्हा भांडण चालू आहे.

येथें एक मराठी पाऊल उमटलेलें आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. १८७५ पासून केझिकला दर उन्हाळ्यांत ख्रिस्ती उपासकांचा मेळावा भरतो. १८९८ सालीं पंडिता रमाबाई त्या मेळाव्यास आल्या होत्या. हिंदुस्थानांतील कामासाठीं बळ मागावयास त्या आल्या, आणि बहुधा तळ्याकडे त्यांचें फारसें लक्ष गेलें नसावें. ज्या प्रवाशाला कांहीं मागावयाचें असतें तो गांवांतल्या माणसांशीं बोलतो. ज्याला नुसतें पाहावयाचें असतें तो त्यांच्या डोक्यावरून पाहतो.

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. थर्लमिअरचें पाणी मँचेस्टरला पोहोंचल्यावर सत्तावीस वर्षांनीं, १९२१ च्या रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. तेथें बांध घालावयाचा होता तो मुंबईला वीज पुरविण्यासाठीं. बुडणार होतीं पन्नासांच्या आसपास गांवें आणि मावळांतलीं भाताचीं खाचरें. विनायकराव भुस्कुटे, सेनापति बापट आणि शेंकडों मावळे तीन वर्षें लढले, तुरुंगांत गेले, आणि हरले. गिरणगांवाची गरज, डोंगरांतलें खोरें, कायद्याचें पाठबळ कंपनीला. थर्लमिअरशीं इतकें साम्य दुसरीकडे क्वचित् सांपडेल. फरक हा कीं, थर्लमिअरला सुशिक्षित वर्ग देखाव्यासाठीं लढला, मुळशीला शेतकरी पोटासाठीं लढला, आणि पुण्यांतल्या ज्या सावकारांच्या नांवें जमिनी होत्या त्यांतल्या कांहींना रोख भरपाई पुरेशी वाटली. "आपल्या लोकांना दृष्टि नाहीं" असें म्हणणाऱ्यानें 'आपले लोक' म्हणजे कोण तें आधीं सांगावें. मावळ्यांना आपलें खोरें दिसत होतें. न दिसणारे पेठांत राहत होते, आणि ते आमचेच पूर्वज होत.

आणि आज? केझिकहून परतलेला गृहस्थ वर्षा-दोन वर्षांत सह्याद्रींतल्या एखाद्या जलाशयाच्या कांठीं 'लेक व्ह्यू' भूखंड घेतो. भूखंडाला कुंपण घालतो. त्या कुंपणांतून धनगराची वाट गेलेली असते, पलीकडच्या वाडीची पाण्याची वाट गेलेली असते. ती वळविली जाते किंवा बुजते. संध्याकाळीं तोच गृहस्थ गच्चींत बसून पाहुण्यांना डरवेंटवॉटरचीं छायाचित्रें दाखवितो! आम्ही कोणा एकाचें नांव घेत नाहीं. तशी गरजही नाहीं, कारण या मासिकाच्या वाचकांत अशा गच्च्या असणारे आहेत, आणि अशा गच्चींत बसून आम्हींही चहा घेतलेला आहे. लॅट्रिगच्या कथेंत ते अडसर घालणाऱ्यांच्या बाजूला उभे आहेत, इतकें त्यांना सांगावयाचें होतें.

कोणी म्हणेल, इंग्लंडांत कायदा आहे, येथें कोठें आहे? इंग्लंडांत १८८७ सालीं रूढीच्या वहिवाटीखेरीज हातांत कांहीं नव्हतें. डोंगरमाथ्यांवर व माळांवर मोकळेपणीं फिरण्याचा कायदेशीर हक्क २००० सालच्या कायद्यानें मिळाला, म्हणजे एकशेंतेरा वर्षांनीं. आपल्याकडे १९०६ सालचा मामलेदार कोर्टांचा कायदा अजून चालू आहे. शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यांत कोणीं अडथळा केला तर तो काढविण्याचा अधिकार त्याच्या पांचव्या कलमानें तहसीलदाराला आहे. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाखालीं बांधावरून रस्ता मागतां येतो. हा आधार शेतकऱ्याला आहे, हौशी फिरस्त्याला नाहीं; तो फिरस्त्यालाही मिळावा यासाठीं झगडावें लागेल, आणि तो झगडा शेतकऱ्याला सोडून करूं गेल्यास थर्लमिअरसारखाच हरेल. पण गांवचा नकाशा सर्वांनाच पाहतां येतो. त्यांत गाडीवाट दोन तुटक रेषांनीं दाखवितात आणि पायवाट एका तुटक रेषेनें. ज्यांनीं तळ्याकांठीं भूखंड घेतला आहे त्यांनीं येत्या सुटींत तो नकाशा मागवून घ्यावा आणि आपल्या कुंपणाखालीं अशी एखादी रेषा जाते काय तें पाहावें. जात असेल तर तेथें फाटक ठेवून तें उघडें ठेवण्यास कोणाच्या हुकुमाची आवश्यकता नाहीं. आणि पलीकडच्या वाडींतल्या ज्यांची वाट अडली आहे त्यांच्यासाठीं ही माहिती: मामलेदार कोर्टांतला दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत लावावा लागतो.